लालबागचा एक ओटा: स्लेट म्हणून घेतलेला कडप्पा

"ताई, ओट्यावर पांढरे ठिपके उठलेत. घासले की आणखी पसरतात. दगडच खराब निघाला का?"

फोन लालबागहून होता. जुनी चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर, आठच महिन्यांपूर्वी राहायला आलेलं कुटुंब. आजी, त्यांचा मुलगा, सून आणि पाचवीत जाणारा नातू. मी 22 वर्षं मुंबईत घरदुरुस्तीची आणि स्वयंपाकघरांची कामं करते, त्यामुळे ओट्यावरच्या डागांच्या तक्रारी मला नव्या नाहीत. तरी हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. मुंबईतल्या दगडांच्या दुकानात "स्लेट" हा शब्द किती सैल वापरला जातो आणि त्याचा भुर्दंड घरच्या बाईला कसा पडतो, ते या एका ओट्यात स्पष्ट दिसतं.

चाळीतल्या खोलीत त्यांचा ओटा कडप्प्याचा होता, मोरीत शहाबादी फरशी. नवं घर मिळाल्यावर सगळ्यांनी ठरवलं की कडप्पा पुरे झाला, आता जरा वेगळं काही करू. आजी महापालिकेच्या शाळेत 30 वर्षं शिक्षिका होत्या. दुकानदाराने काळाभोर, आरशासारखा चकचकीत दगड दाखवून सांगितलं की ही "काळी स्लेट" आहे, शाळेच्या पाटीचा दगड. बोलण्यापुरतं नको म्हणून लादीच्या मागच्या खरखरीत बाजूवर त्याने खडूने "श्री" काढून दाखवलं. आजी तिथेच विरघळल्या. कडप्प्याच्या जवळपास तिप्पट भावाने 9 फूट बाय 2 फुटांचा ओटा बसला, धारा गोल करून, वर मिरर पॉलिश.

आधी डाग कुठे नाहीत ते पाहिलं

ओट्यावर डाग कुठे पडलेत यापेक्षा कुठे पडले नाहीत ते मी आधी बघते. शेगडीच्या दोन्ही बाजूंना, जिथे फोडणीचं तेल उडतं, तिथे दगड काळा आणि तुकतुकीत होता. सिंकच्या डाव्या हाताला मात्र वाटीच्या बुडाएवढी गोल कडी, तिच्या शेजारी दुसरी, आणि बरणी सरकवावी तसा एक लांब ओघळ. सूनबाई रोज त्याच जागी आमसुलं भिजत घालतात. लिंबू चिरायची फळीही तिथेच. म्हणजे पहिला संशय आंबटावर.

पण संशयावर भागत नाही. असे पांढरे डाग पडायला आणखी दोन-तीन कारणं असू शकतात. पाण्यातले क्षार साठतात, विशेषतः बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी असेल तर. ओट्याखालच्या सिमेंटातला चुना ओलीबरोबर दगडातून वर येतो. किंवा पॉलिशवाल्याने वर मेण चोपडलेलं असतं, ते जागोजागी उडतं. क्षार असतील तर ब्लेडच्या कडेने खरवडल्यावर पापुद्रा निघतो. इथे काहीच निघालं नाही. चुना वर येत असता तर सांध्यांजवळ आणि भिंतीच्या कडेला जास्त दिसला असता, तिथे ओटा स्वच्छ होता. मेणाची शंका घालवायला एका न डागलेल्या कोपऱ्यावर थिनरचा बोळा फिरवला, चकाकी जशीच्या तशी राहिली.

मग ओल्या फडक्याने एक गोल डाग पुसला. ओला असेपर्यंत डाग पूर्ण गायब. चार-पाच मिनिटांत दगड वाळला आणि कडी हळूहळू परत उमटली, आधी बाहेरची रेष, मग आतला भाग. नख फिरवलं तर भोवतालच्या गुळगुळीत पॉलिशमधून डागात शिरताना बारीक खरखर लागत होती. हा डाग दगडावर बसलेला नव्हता, तिथला दगडच झिजला होता. पॉलिश केलेला पृष्ठभाग उजेड सरळ परत पाठवतो म्हणून काळा दिसतो. तो खरबरीत झाला की उजेड विखुरतो आणि तीच जागा पांढुरकी दिसते. पाणी किंवा तेल त्या बारीक खड्ड्यांत भरलं की पुन्हा काळी. अशा डागाला साबण काय करणार?

आता प्रश्न असा होता की आमसुलाच्या पाण्याने हा दगड झिजलाच कसा. खरी स्लेट लिंबाला, चिंचेला सहसा दाद देत नाही.

आजींची पाटी

नमुना मिळवणं सोपं गेलं. सिंकसाठी कापून काढलेला लादीचा तुकडा गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली होता. पण तो कशाशी ताडून बघायचा? तेव्हा आजी आत गेल्या आणि जुन्या साडीत गुंडाळलेली, लाकडी चौकटीची दगडी पाटी घेऊन आल्या. त्यांची स्वतःची, लहानपणची. दर दसऱ्याला अजून त्या तिच्यावर एक या आकड्याची सरस्वती काढतात आणि हळदकुंकू, फूल, आपट्याचं पान वाहतात. पाटीचा एक कोपरा चौकटीजवळ आधीच उडालेला होता. मी म्हटलं, "आजी, ह्या उडालेल्या कडेची चिमूटभर भुकटी काढून त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाकू का? पुढच्या बाजूला हात लावणार नाही." त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "टाक. सरस्वतीला परीक्षेचं काय वाटायचंय."

दोन्ही दगड उन्हात शेजारी ठेवले. पाटीच्या फुटक्या कडेला पुस्तकाच्या पानांसारखे पातळ थर दिसत होते आणि तिरप्या उजेडात त्या थरांवर रेशमासारखी मंद चमक. तुळशीखालच्या तुकड्याची फुटकी बाजू भरीव, गर्द राखाडी, कुठेही पानं नाहीत, चमक नाही. मग दोन्हींवर लोखंडी खिळ्याने खरवडून चिमूटभर भुकटी काढली आणि भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकला. भुकटीवर टाकायचं कारण असं की अखंड दगडावर सौम्य आम्लाचा परिणाम इतका मंद असतो की डोळ्यांना कळत नाही, पूड झाली की लगेच कळतो. पाटीच्या भुकटीचा नुसता चिखल झाला. दुसऱ्या भुकटीवर बारीक बुडबुडे उठले, सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर उठतात तसे. नातवाने भिंग आणलं, ते बुडबुडे त्याने मोजायचाही प्रयत्न केला.

तो दगड चुनखडीचा होता. म्हणजे आपला कडप्पाच, फक्त बारीक पॉलिश केलेला.

आजींना दुःख झालं ते पैशांपेक्षा वेगळ्याच गोष्टीचं. "चाळीस वर्षं ज्या दगडावर भाकऱ्या थापल्या तोच ओळखता आला नाही." मला तसं वाटत नाही. चाळीतला कडप्पा खरखरीत होता, रोजच्या तेलाने आणि हाताने काळवंडलेला. हा आरशासारखा. दोघांना एका रांगेत उभं केलं तरी घरच्या माणसाला नातं कळणार नाही. आणि खडूची परीक्षा तर परीक्षाच नव्हे. कुठल्याही काळ्या, किंचित खरबरीत दगडावर खडू उमटतो. चाळीतली किती मुलं कडप्प्यावर आणि जिन्याच्या पायऱ्यांवर लिहायला शिकली असतील.

दोन दगड, एकच मुलूख

ही गल्लत होण्याचं एक कारण मला नेहमी गंमतीचं वाटतं. आंध्र प्रदेशात कडप्पा जिल्ह्याच्या नावानेच ओळखलं जाणारं खडकांचं एक विशाल खोरं आहे, सुमारे 44,500 चौरस किलोमीटरचं. घरात येणारा काळा कडप्पा तिकडच्या चुनखडीचा. आणि देशभर शाळेच्या पाट्यांसाठी ज्याचं नाव झालं ते मार्कापूर त्याच खोऱ्यात येतं. एका मुलखातले दोन काळे दगड एकाच ट्रकमधून मुंबईत उतरू शकतात. पण दोघांची घडण अगदी वेगळी.

कडप्पा म्हणजे प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला कॅल्शियम कार्बोनेट, कार्बनच्या अंशामुळे काळा झालेला. शहाबादी, तांदूर, कोटा हे सगळे याच चुनखडीच्या कुळातले. कार्बोनेटला आम्ल भेटलं की तो विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. आमसुलात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल, लिंबात सायट्रिक, चिंचेत टार्टारिक, ताकात लॅक्टिक. कोकणी स्वयंपाकघरात यातलं काही ना काही दिवसभर सांडतच असतं.

स्लेटची सुरुवात चिखलापासून. अगदी बारीक गाळ साचून त्याचा शेल, म्हणजे चिखलाचा थरांचा खडक, झाला, मग भूकवचाच्या हालचालींत तो दाबला गेला आणि तुलनेने कमी तापमानाला भाजला गेला. त्या दाबाखाली त्यातले अभ्रकाचे आणि क्लोराइट या तशाच पापुद्र्याच्या खनिजाचे सूक्ष्म पापुद्रे एका दिशेने वळून बसले, मध्ये गारगोटीचे कण अडकले. म्हणून छिन्नी बरोबर लावली तर स्लेट सपाट पानांत फुटते. ही पानं मूळ गाळाच्या थरांचीच असतात असं नाही, दाब ज्या बाजूने आला त्याच्याशी काटकोनात ती तयार होतात आणि कधी कधी जुन्या थरांना तिरकी छेदून जातात. स्लेटचे बहुतेक सगळे उपयोग या एका गुणातून आले. पातळ, सपाट, मजबूत आणि पाणी न पिणारी फळी निसर्गानेच तयार करून ठेवली.

वेल्समधल्या खाणींतून निघालेल्या स्लेटने एकोणिसाव्या शतकात जगभरची छपरं झाकली. वायव्य वेल्समधला तो खाणप्रदेश 2021 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. आपल्याकडे हिमाचलातल्या कांगडा आणि चंबा भागात घरांवर अजून स्लेटची छपरं आहेत. ब्रिटनमध्ये भिंतीतून ओल वर चढू नये म्हणून पायावर स्लेटचे दोन थर सांधे चुकवून घालत, प्लास्टिकचे कागद यायच्या आधी. वीज नवी होती तेव्हा स्विचबोर्ड स्लेटच्या पाट्यांवर बसवत, कारण ती जळत नाही आणि चांगल्या स्लेटमधून वीज वाहत नाही. स्नूकरच्या मोठ्या टेबलावर हिरव्या कापडाखाली स्लेटच्या पाच लाद्या असतात. मुंबईच्या जिमखान्यांत खेळणारे रोज स्लेटवर खेळतात. छपरांवर मात्र मुंबईने स्लेट फारशी घेतली नाही. 1865 मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तिकडचं कौल किनाऱ्याने जहाजातून येई, आणि चाळींपासून बंगल्यांपर्यंत मंगलोरी कौलच बसलं.

डाग वाढले कशाने

नुसत्या आमसुलाने आठ महिन्यांत एवढं व्हायला नको होतं. मी विचारलं, डाग घालवायला काय काय केलंत? सूनबाईंनी सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. आधी भांड्यांचा साबण. मग लिंबाच्या साली घासल्या, कारण मोबाइलवर कुणी तरी तसं दाखवलं होतं. मग व्हिनेगर आणि मीठ. शेवटी संडास साफ करायचं द्रावण पाण्यात मिसळून फडक्याने फिरवलं, दोनदा. असल्या बहुतेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि चुनखडीवर ते लिंबाच्या कितीतरी पट जोरात काम करतं. प्रत्येक उपायाने पॉलिशचा आणखी थोडा भाग खाल्ला, डाग मोठा दिसला, म्हणून पुढचा उपाय आणखी कडक. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना दगड स्लेट म्हणून विकला होता. खऱ्या दाट स्लेटवर लिंबाची साल घासली असती तर काही बिघडलं नसतं. खोट्या नावाने नुकसान झालं ते इथे.

मुलगा बिल घेऊन दुकानात गेला. बिलावर फक्त "ब्लॅक स्लॅब, पॉलिश" एवढंच. दगडाचं नाव नाही, खाणीचा पत्ता नाही. दोन खेपा आणि बरीच बोलाबोली झाल्यावर दुकानदाराने भावातल्या फरकाची निम्मी रक्कम परत केली. बिलावर "स्लेट" लिहून घेतलं असतं तर पूर्ण मिळाली असती असं मला वाटतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी दगडाचं नाव बिलावर लिहून घ्यायला लावते, आणि लादी ठरवण्याआधी तिचा हाताएवढा तुकडा घरी आणून रात्रभर त्यावर लिंबाची फोड, आमसूल आणि हळदीचं तेल ठेवायला सांगते.

मग काय केलं

मुलाचं म्हणणं, सगळा ओटा उखडून खरी स्लेट टाकू. मी नको म्हटलं. ओटा उखडायचा तर खालचं फर्निचर, सिंक, डॅडोच्या टाइल्स सगळं हलतं. आणि स्लेट सगळीकडे चालतेच असं नाही. तिची पानं धारेला सुटू शकतात, ओट्याच्या पुढच्या कडेवर कुकर आपटला तर टवका उडतो. सैल जातीची स्लेट तेलही पिते. सुनेला ग्रॅनाइट हवा होता आणि तो चांगलाच पर्याय होता, पण खर्च परत तितकाच.

मला जुन्या चाळीतला ओटा आठवत राहिला. तोही चुनखडीचा, त्यावरही आमसुलं सांडली, चाळीस वर्षं टिकला, कारण त्याला मुळात पॉलिशच नव्हतं आणि रोज तेलाचा हात फिरत होता. चकाकीच नसेल तर उडणार काय? म्हणून या ओट्याची चकाकीच पूर्ण उतरवायची ठरली. पॉलिशवाला एक दिवस बसला. पाण्याखाली आधी 120 नंबरचा दगड, मग 220, मग 400, आणि तिथेच थांबला. आम्लाने खाल्लेले खड्डे उथळ होते, सगळा पृष्ठभाग एकसारखा मंद काळा झाला. दोन दिवस वाळू दिलं आणि खोबरेल तेलाचा पातळ हात देऊन सुती कापडाने कोरडा पुसला. सूनबाईंनी लांबून बघितलं आणि म्हणाल्या, "हा तर आमचा चाळीतलाच ओटा."

सिंकच्या डाव्या बाजूला, आमसुलांच्या जागी, एक स्टीलचं ताट कायमचं ठेवलं. फडक्यासाठी फक्त भांड्यांचा साबण आणि पाणी. लिंबू, व्हिनेगर आणि संडासचं द्रावण ओट्यापासून लांब.

आजींना मात्र घरात पाटीचा दगड हवाच होता. त्याची जागा दारावर निघाली. मार्कापूरच्या स्लेटचा 12 इंच बाय 8 इंचांचा तुकडा आणला, नावाच्या पाटीसाठी. घ्यायच्या आधी नखाच्या टोकाने टिचकी मारून पाहिली, चिनीमातीच्या बशीसारखा खणखणीत आवाज आला. आत पोकळी किंवा सुटलेलं पान असेल तर आवाज बसका येतो. मग तुकडा उभा अर्धा पाण्यात रात्रभर ठेवला. सकाळी ओलीची रेघ पाण्याच्या पातळीपेक्षा वर चढलेली नव्हती. छपराच्या स्लेटसाठी अमेरिकेच्या एएसटीएम सी 406 या मानकात सगळ्यात वरच्या दर्जाला 0.25 टक्क्यांहून जास्त पाणी शोषायची मुभा नाही, आणि अशा स्लेटकडून 75 वर्षांहून जास्त टिकण्याची अपेक्षा धरतात. दारावरच्या पाटीला एवढी कसोटी लागत नाही, पण लालबागच्या पावसात पॅसेजच्या जाळीतून झड आत येते, म्हणून बघून घेतलं. पिवळे धातूसारखे कणही शोधले. ते पायराइट या लोहाच्या खनिजाचे असतात आणि ओलीने गंजून तपकिरी ओघळ सोडतात. या तुकड्यात ते नव्हते.

अक्षरं कोरणारा कारागीर जिन्यात बसून कोरडं मशीन चालवायला निघाला होता. मी थांबवलं. स्लेटमध्ये गारगोटीचे कण असतात, तिची कोरडी धूळ फुप्फुसात कायमची बसते. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांत सिलिकोसिसने, म्हणजे याच धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाने, तरुण माणसं गेली, घरंच्या घरं उघडी पडली. आपण ज्या पेन्सिलीने मुळाक्षरं गिरवली तिच्यामागे ती धूळ होती, हे मला विसरता येत नाही. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पाण्याची धार धरायला नातवाला उभं केलं, कारागिराला मास्क दिला आणि काम गॅलरीत उघड्यावर केलं. वेळ दुप्पट लागला. कारागीर आधी कुरकुरला, मग धार कुठे धरायची ते स्वतःच नातवाला सांगायला लागला.

अक्षरं दोन मिलिमीटर खोल कोरली, त्यात रंग भरला नाही. स्लेट कोरली की आतला दगड फिकट राखाडी निघतो आणि पाटीवर पेन्सिलीने लिहिल्यासारखं दिसतं. आजींनी आधी कागदावर स्वतःच्या वळणदार अक्षरात आडनाव लिहून दिलं होतं, कारागिराने तेच वळण उतरवलं.

सहा महिन्यांनी मी परत गेले. सिंकजवळ दोन नवे बारीक ठिपके होते. सूनबाईंनी 400 नंबरचा पॉलिश पेपर ओला करून माझ्यासमोर दहा-बारा वेळा गोल फिरवला, पुसलं, बोटाने खोबरेल लावलं. ठिपके शोधूनही सापडेनात. चहा झाल्यावर निघाले तेव्हा नातू दारात उभा राहून कोरलेल्या आडनावाच्या कान्यावरून बोट फिरवत होता, वरून खाली, गिरवावं तसं.